खेळ विकणाऱ्या आयुक्त

लिसा बेअर्ड यांनी मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल विमेन्स सॉकर लीग’ची सूत्रं हाती घेतली आणि त्याच आठवड्यात कोरोनामुळे देशभरची मैदानं ओस पडू लागली. दुकान थाटावं आणि पहिल्याच दिवशी बाजार उठावा, तशी ही सुरुवात.

विकण्यात मात्र त्या मुरलेल्या होत्या. जनरल मोटर्स, आयबीएम, पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलची एनएफएल आणि मग अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीचं मार्केटिंगप्रमुखपद अशी त्यांची वाट. इकडे लीगचं आयुक्तपद २०१७ पासून रिकामंच होतं. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाही, म्हणून प्रायोजक नाही. प्रायोजक नाही, म्हणून टीव्ही नाही, हे रडगाणं जुनं होतं. ते मोडायला मार्केटिंगवालीच हवी, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

तो फळलाही. बेअर्ड यांनी खेळाडूंना यूटामध्ये एकत्र ठेवून महिनाभराची स्पर्धा घेतली. टाळेबंदीनंतर अमेरिकेत मैदानात परतलेली ही पहिली व्यावसायिक सांघिक लीग. २७ जूनचा पहिला सामना सीबीएसवर ५ लाख ७२ हजार लोकांनी पाहिला. लीगसाठी तो विक्रम होता. जुलैत अभिनेत्री नॅटली पोर्टमनसह काही जणींनी लॉस एंजेलिसचा नवा संघ जाहीर केला.

पण या दुकानाचा माल म्हणजे जित्याजागत्या बायका होत्या. लीग २०१३ मध्ये मैदानात उतरली, तरी छळाविरुद्धचं धोरण तिच्याकडे २०२१ च्या एप्रिलपर्यंत नव्हतं. तेही खेळाडूंनी रेटा लावला तेव्हा आलं. त्याच सुमारास एका माजी खेळाडूने बेअर्ड यांना ईमेल करून एका प्रशिक्षकाच्या जुन्या वर्तनाची नव्याने चौकशी करण्याची विनंती केली. त्याच्याविरुद्धची २०१५ ची तक्रार तपासून निकाली निघाली आहे, अशा आशयाचं सभ्य उत्तर तिला गेलं. टोस्टर बिघडल्यावर ग्राहक विभागाकडून येतं, तसं.

३० सप्टेंबरला ‘द ॲथलेटिक’ या क्रीडा संकेतस्थळाने ते प्रकरण छापलं, लीगमधली नामवंत खेळाडू ॲलेक्स मॉर्गनने ईमेलचा तो व्यवहार ट्विटरवर टाकला आणि दुसऱ्याच दिवशी बेअर्ड यांना पद सोडावं लागलं. त्या शनिवार-रविवारचे सामने रद्द झाले. पुढच्या बुधवारी खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांच्या खेळाडू मैदानाच्या मध्यवर्तुळात हातात हात गुंफून उभ्या राहिल्या. तक्रार ऐकली जायला सहा वर्षं लागली होती. प्रत्येक वर्षासाठी एक मिनिट.

सगळं खापर बेअर्ड यांच्या माथी फोडणं सोपं आहे, आणि थोडं अन्यायाचंही. मूळ तक्रार त्यांच्या पाच वर्षं आधीची. सॅली येट्स यांच्या २०२२ च्या चौकशी अहवालाने तर दोष क्लबांपासून राष्ट्रीय महासंघापर्यंत सगळीकडे दाखवला. तरी प्रश्न उरतोच. लीग इतकी नाजूक की घरातलं धुणं बाहेर काढलं तर गिऱ्हाईक पळेल, ही भीती खरी होती का?

उत्तर बाजारानेच दिलं. २०२२ च्या सुरुवातीला खेळाडूंच्या संघटनेशी लीगचा पहिला सामूहिक करार झाला. एप्रिलमध्ये जेसिका बर्मन आयुक्तपदी आल्या. त्या पेशाने वकील. नोव्हेंबर २०२३ मध्ये लीगने चार वर्षांचे प्रक्षेपण हक्क विकले, ते सुमारे २४ कोटी डॉलरना.