डोळ्यांखालचं तेल

आमच्या हेदवीत तेल चोळायचं ते दुसऱ्याला. बाळंतिणीला, तान्ह्याला, दिवाळीच्या पहाटे पोरांना. स्वतःच्या तोंडावर हात फिरवणारी बाई दिसली की "कुणासाठी नटतेय?" हे ठरलेलं. वाग्भटानं रोजचा अभ्यंग सांगितला, त्यानं दृष्टी निवळते असंही म्हटलं; तिथे नटण्याचा संशय नाही.

गणपतीला मुंबईहून भाऊ यायचा, त्या पहाटे आई हे करायची. खोबरेलाचे दोन थेंब, अनामिकेचं टोक (त्या बोटाचा दाब आपसूक हलका पडतो), नाकाजवळून कानशिलाकडे, हाडाच्या कडेकडेनं अलगद. तिथली कातडी पातळ, ओढायची नाही. सूज उतरते ती काही तासांपुरती. काळेपणा जात नाही.

लावणी, आजोबांचं दुखणं, जागरणं, सगळं तिच्या डोळ्यांखाली दिसायचं. भावानं ते विचारू नये म्हणून हा खटाटोप. हे खोटं का? मला नाही वाटत. पाहुण्यासाठी अंगण सारवतो, तेव्हा आपण त्याला फसवत नसतो. पण भाऊ दशभुजा गणेशाच्या देवळात जाऊन आला, मोदक खाल्ले, "आई, बरी दिसतेस" म्हणाला नि एसटीत बसला. आजोबांजवळ रात्री कोण जागतं, हे विचारायचं राहिलंच. चेहरा तिचा, झाकायचा हक्क तिचा, मान्य. मग कळायचं तरी कसं?

तो गेल्यावरही ती दोन थेंब लावायचीच. "बरं वाटतं रे," म्हणायची. तेव्हा कुणी यायचं नसायचं.