गावाभोवतीचं गायरान

आजचं वाचन : गणना ३५:१-८, लेवीय २५:३२-३४

लेव्यांना स्वतःचा प्रांत नव्हता. म्हणून बाकीच्या वंशांनी आपल्या वतनातून त्यांना ४८ नगरं द्यायची, आणि प्रत्येक नगराभोवती गुरांसाठी मोकळं रान. परमेश्वर मोशेला मापही सांगतो : तटापासून बाहेर १,००० हात. पुढच्याच वचनात मात्र प्रत्येक बाजूला २,००० हात! (हे दोन आकडे कसे जुळवायचे यावर टीकाकार फार पूर्वीपासून भांडतायत. असा स्पेक हातात आला असता तर मी आधी मीटिंग लावली असती.)

पण मी अडकलो ते लेवीय २५:३४ पाशी. अडचणीत आलेला लेवी घर विकू शकतो, नंतर सोडवूनही घेऊ शकतो. रान मात्र विकायचंच नाही. रान त्याचं, गरजही त्याचीच, तरी नाही. ते कायमचं वतन आहे, म्हणजे अजून न जन्मलेल्यांचंही. पुढे रब्बींनी मिश्नामध्ये नियम केला की मोकळ्या रानाचं गाव करू नये.

हे वाचून ‘टेकड्या वाचवा’ म्हणणं सोपं आहे. मीही म्हणतो. १९९७ मध्ये पुण्यात २३ गावं आली, त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, २०१५ मध्ये राज्य सरकारनं ते कायम ठेवलं. बरंच झालं. पण त्यातली बरीच जमीन खासगी आहे. ज्याच्या आजोबांनी तिथं गुरं चारली त्याला आपण सांगतो, तू बांधू नकोस, आम्हाला हवा हवीय. आणि सांगणारे आम्ही कोण? खालच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या टॉवरांतले.

इथं ८ वं वचन बोचतं. ज्या वंशाकडे जास्त, त्यानं जास्त नगरं द्यावीत. ज्याच्याकडे कमी, त्यानं कमी. रान राखायचं आणि त्याचा भार ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचा, दोन्ही आज्ञा एकाच उताऱ्यात आहेत. आपण पहिली उचलतो. मोबदल्याचा वाद रेंगाळला की सरकारला नावं ठेवतो. पण तो पैसा करातून उभा करू असं कुणी म्हटलं, तर आमच्या सोसायटीत किती हात वर होतील?

टेकडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटला बिल्डर जास्त भाव लावतो. तो आपण कुरकुर न करता देतो. त्यातलं टेकडीच्या मालकाकडे काहीच जात नाही.