न तापणारा माणूस

गेली वीस वर्षे मी एक प्रशस्तिपत्र मनाच्या खिशात घालून हिंडत होतो. ते छापील नव्हते. शाळेत शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी कोणीतरी म्हणाले होते, "आपल्या मास्तरांना कधी तापलेले पाहिले आहे का कोणी?" आणि साऱ्यांनी नकारार्थी माना हलवल्या होत्या. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांना मिळून जे कौतुक लाभले, त्याहून मला त्या एका वाक्याचे अप्रूप अधिक. राग न येणे हा सद्गुण आहे आणि तो माझ्यापाशी आहे, याविषयी मला शंका नव्हती. ती प्रथम आली इंग्लंडात, बीअरच्या एका भांड्याशी उभे असताना.

दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या वासात, हा विषय काढल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला क्षमा करावी. मी स्वतः पीत नाही. पण माझा धाकटा भाऊ शेफील्डला असतो, आणि रविवारी घरीच बीअर करण्याचा त्याला नाद आहे. आपल्याकडे असले काही परवान्यावाचून केले तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा होतो. तिकडे १९६३ साली रेजिनल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी घरगुती बीअरला लागणारा परवानाच रद्द करून टाकला. विकायची नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

दोन वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेलो होतो. स्वयंपाकघरात एक उभट, स्टेनलेस स्टीलचे, विजेवर चालणारे भांडे होते. तीसेक लिटर पाणी मावेल एवढे. तळाशी हीटर, आत चाळणीच्या बुडाची टोपली, आणि खालचे पाणी वर नेऊन धान्यावर पुन्हा सोडणारा छोटा पंप. टोपलीत त्याने पाच किलो मॉल्ट ओतले. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भरडलेले जव. हे ऐकून मला आमची आजी आठवली. नातवंडांच्या सत्त्वासाठी ती नाचणीला असेच मोड आणून वाळवीत असे. मोड आलेल्या दाण्यात त्याच्याच पिठाची साखर करणारी एन्झाइमे तयार होतात. त्यांना हवे असते फक्त कोमट-कढत पाणी आणि तासाभराची सवड.

किती कढत, यातच सारी मेख आहे. त्या एन्झाइमांतले एक ६२ ते ६५ अंशांना खुशीत असते, दुसरे सत्तरीच्या आसपास. ६६ ला दोघेही बऱ्यापैकी नांदतात. (एका घरात सासू-सुनांचे जमावे, तसेच हे.) आच फार वाढली तर ती मरतात, आणि मग पाणी कितीही निववले तरी पुन्हा जिवंत होत नाहीत. थंडी पडली तर मात्र काम नुसते रेंगाळते. हे ऐकून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तापणे वाईट, थंड राहणे त्यामानाने निरुपद्रवी! मी तरी आयुष्यभर दुसरे काय म्हणत आलो?

भांड्याच्या पुढच्या पडद्यावर दोन आकडे होते. एक हवा असलेला, एक असलेला. दोन्ही ६६. अर्धा तास मी ते पाहत होतो. दुसरा आकडा अंशभरही हलला नाही.

"पूर्वी हे कसे करीत?" मी विचारले.

"थर्मामीटर नव्हता तेव्हा उकळते पाणी निवत ठेवायचे," भाऊ म्हणाला. "वाफ विरळ होऊन पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की धान्य घालायचे."

मायकेल कॉम्ब्रून नावाच्या बीअरवाल्याने १७६२ साली पुस्तक लिहून थर्मामीटरचा कैवार घेतला, आणि पुढे चेहऱ्याची जागा आकड्याने घेतली. आकडा स्थिर ठेवण्याची विद्या मात्र आणखी दीडशे वर्षांनी आली, तीही समुद्रावरून. निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअराने जहाजाचे सुकाणू धरणाऱ्यांचे निरीक्षण केले. निष्णात सुकाणूवाला जहाज आत्ता किती वाकडे गेले आहे एवढेच बघत नाही. किती वेळ वाकडे जात आहे आणि किती झपाट्याने वळते आहे, याचाही तो अंदाज घेतो. मिनॉर्स्कीने १९२२ साली हे गणितात मांडले. ते गणित आज त्या भांड्याच्या पडद्यामागे बसून हीटरला कधी ढोसते, कधी आवरते. साध्या इस्त्रीसारखे तापणे-निवणे असते, तर आकडा सारखा वरखाली झाला असता.

मी भारावून गेलो. म्हणालो, "हा तर स्थितप्रज्ञ आहे!"

भाऊ हसला. "दादा, हा आकडा कुठला आहे ठाऊक आहे का तुला? तळाचा. मोजणारी सळई तिथे आहे, हीटरजवळ."

त्याने झाकण काढले आणि एक वेगळा थर्मामीटर धान्याच्या मध्यभागी खुपसला. ६३. कडेला, भांड्याच्या पत्र्याजवळ, ५९. मग चमच्याने एक गोळा वर काढून फोडून दाखवला. पिठल्यात गुठळी राहते ना, तशी. बाहेरून भिजलेली आणि आत कोरडे पीठ. तिथवर पाणीही पोचले नव्हते, मग ऊब कुठली! पडद्यावर अजून ६६ च होते.

तो मुलगा मला त्या क्षणी आठवला. आठवीत होता, शेवटच्या बाकावर. वही आणीत नसे. मी रोज त्याला "बाहेर उभा राहा" म्हणत असे. ओरडून नव्हे, अगदी रोज एकाच आवाजात. माझ्या आवाजाचा मला अभिमान होता. सहामाहीनंतर तो यायचा बंद झाला. पटावरून त्याचे नाव कमी करताना मला वाईट वाटले, पण हात काही थरथरला नाही.

सातआठ वर्षांनी एस.टी. स्टँडवर तो भेटला. वाकून नमस्कार केला, चहा पाजला. बोलता बोलता म्हणाला, "गणिताचे सर मारायचे. पण एकदा संध्याकाळी घरी आले, बापाला भेटले. तुम्ही कधी काही बोलला नाहीत, सर. मला वाटायचं, तुम्हाला मी दिसतच नाही."

मारण्याची तरफदारी मी करीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी घातली, ती योग्यच. शिवाय, आच वाढली की जे मरते ते परत येत नाही, हेही खरे आहे. पण त्या दिवशी स्टँडवर मी स्वतःची समजूत घातली होती, की मुलगा हळवा आहे, आपले काही चुकले नाही. आपण तर कधी तापलो नाही. तळाच्या सळईनेही हेच सांगितले असते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. बिचारा बाहेरून दिसणाऱ्या खुणा विचारतो आहे. श्रीकृष्ण उत्तर देतात ते बहुतेक आतल्या गोष्टींचे. लहानपणापासून हे ऐकत आलो. पण मी अर्जुनाच्या प्रश्नापाशीच थांबलो होतो आणि बोलणे-बसणे-चालणे तेवढे उत्तम साधले होते. मला राग येत नव्हता, हे काही खोटे नाही. तो का येत नव्हता, हे मी कधी तपासले नाही. ज्या मुलाचे आपल्याला काही पडलेलेच नाही, त्याच्यावर रागवायचे तरी कशाला? माझी शांती आणि माझी बेपर्वाई या दोन्ही बाहेरून एकसारख्याच दिसत होत्या, आणि कोणती केव्हा कामाला आली हे मला आजही नेमके सांगता येणार नाही. खरोखरच शांत असण्याचे काही दिवसही त्यात असतील. ते वेगळे काढायचे कसे?

"मग हीटर वाढव," मी भावाला म्हणालो.

"तसं नाही चालत. तळाशी जास्त तापवलं तर तिथून जाणारं पाणी करपेल, आणि मधलं धान्य थंडच राहील." त्याने लांब दांड्याचा लाकडी उलथा घेतला, बाह्या वर केल्या आणि खालपासून वरपर्यंत ढवळायला लागला. गुठळ्या कडेवर दाबून फोडू लागला. पाच किलो भिजलेले धान्य ते. दोन मिनिटांत त्याला घाम फुटला. पडद्यावरचा आकडा पहिल्यांदाच हलला. ६४ झाला, ६३ झाला, हीटर लागल्याचा बारीक आवाज आला, मग ६७.

"आकडा बिघडला," मी म्हणालो.

"बिघडू दे. तू जरा धर हे."

मी उलथा धरला. तासाने त्याने पांढऱ्या बशीत रसाचे दोन थेंब घेतले आणि वर आयोडीन टाकले. थेंब निळाकाळा झाला. म्हणजे पीठ अजून शिल्लक होते. भावाने काही न बोलता झाकण ठेवले आणि घड्याळात आणखी वीस मिनिटे लावली. आम्ही पुन्हा आळीपाळीने ढवळत राहिलो.

मी परत निघालो तेव्हा ती बीअर पिंपात आंबत होती. जून उजाडला, शाळा सुरू झाली. एस.टी. स्टँडवरच्या त्या मुलाचा पत्ता मी त्या वेळी विचारला नव्हता. जुन्या हजेरीपटातून त्याचे गाव काढले आहे.