लेकीची शाळा कोणत्या भाषेची?

(मामा साताऱ्याचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, भाचीचं सासर सांगलीच्या जत तालुक्यात.)

भाची : मामा, पोरीला इंग्रजी शाळेत घालायचं म्हणतोय. तुम्हाला पटायचं नाही.

मामा : कारण तरी सांग.

भाची : पुढं डॉक्टर, इंजिनिअर व्हायचं तर इंग्रजीच लागतं. साहेबांची पोरं इंग्रजीत शिकणार आणि मराठीचा अभिमान गरिबांनी जपायचा, हा कुठला न्याय? नायगावच्या सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकायलाच सांगितलंय. बाबासाहेबही 1900 साली साताऱ्यातच इंग्रजी पहिलीत बसले.

मामा : खरंय. पण इंग्रजी पहिली तेव्हा प्राथमिक शिक्षण झाल्यावर लागायची. इंग्रजी जरूर शिकावी. सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं. गणित चुकलं तर का चुकलं, हे पोरीला बोलून दाखवता आलं पाहिजे. भाषा परकी असली की ती उत्तर पाठ करते, शंका विचारत नाही. मग शिकवणी लावा. ज्याला ती परवडत नाही, त्याचं पोर मागं पडतं.

भाची : आणि मराठीतून दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेली हुशार पोरं वर्गात गप्प बसतात, त्याचं काय?

मामा : तो अन्यायच. आपल्याकडं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ती बोलती करणारा शिक्षक सगळीकडं पोचला नाही.

भाची : मग आमच्या जतच्या पूर्व भागातलं सांगा. घरात कन्नड, शाळा कन्नड. तिथं कन्नड न येणारे गुरुजी नेमले तर?

मामा : चूकच. 2009 चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, नुसतं मराठीतून नव्हे. बेळगावच्या मराठी पोरांसाठी जे मागतो, ते जतच्या कन्नड पोरांना दिलंच पाहिजे.

भाची : पण मराठी आली नाही, तर तेच पोर उद्या कचेरीत अडतं.

मामा : म्हणून दोन्ही हवं. सुरुवात कळत्या भाषेत, आणि जिच्यावाचून पुढं अडतं ती भाषाही पक्की. एकच देऊन भागत नाही.

भाची : दोन्ही देणारी शाळा गावात नाही, मामा. पोरगी यंदा पहिलीला जायची.

मामा : म्हणून तुला दोष देत नाही. फक्त माध्यम विचारण्याआधी वर्गात बसून बघ, पोरं प्रश्न विचारतात का. मराठी शाळा घेतलीस, तर शाळा व्यवस्थापन समितीत जा आणि इंग्रजीचा चांगला शिक्षक माग.

भाची : आणि इंग्रजी घेतली तर?

मामा : तरी गावच्या शाळेसाठी भांड. ज्यांना फी झेपत नाही, त्यांची पोरं तिथंच शिकणार आहेत.