तळटीपेतला कर्ण

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. शतकानुशतकं साचलेली भर बाजूला केली की खाली मूळ ग्रंथ सापडेल, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी ती अपेक्षा ठामपणे आवरली. काश्मीरची शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्या ताडून पाहिल्यावर त्यांनी सांगितलं की व्यासांच्या हातचा पाठ मिळणार नाही. हाती असलेल्या पोथ्या जितकं मागे नेतील तितकंच जाता येईल. वगळलेले श्लोकही त्यांनी फेकले नाहीत. ते कोणत्या पोथीत आहेत हे नोंदवून पानाच्या तळाशी, आणि मोठे उतारे परिशिष्टात, छापले. मला त्यांचं खरं मोठेपण इथे दिसतं.

आयुष्यभर पाठभेद तपासणारा हा माणूस शेवटी ग्रंथाच्या अर्थापाशी आला. मुंबईतल्या व्याख्यानमालेत महाभारत लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा पातळ्यांवर उलगडायचं त्यांनी ठरवलं होतं. कुरुक्षेत्रावरचं युद्ध माणसाच्या आतही चालू असतं, हे सांगणारं शेवटचं व्याख्यान द्यायचं राहिलं. २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. व्याख्यानांचं पुस्तक निघायला १९५७ उजाडलं. आवृत्ती पुरी झाली १९६६ साली.

पुढच्याच वर्षी कर्णावरची कादंबरी 'मृत्युंजय' आली. लेखक शिवाजी सावंत, हिरण्यकेशीकाठच्या आजऱ्यात १९४० साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते तो प्रसंग चिकित्सक आवृत्तीत तळटीपेत गेला आहे. कादंबरीत तो कर्णाच्या जिव्हारी बसलेला घाव आहे. पाठचिकित्सेच्या कसोटीवर सावंत इथे उणे ठरतात. पण त्यांचा शोध पाठाचा नव्हताच. आपण कोणाचे, ही कवचकुंडलं आपल्यालाच का, हे प्रश्न त्यांनी कर्णाच्या तोंडी घातले आणि उत्तर एकट्या कर्णाकडे ठेवलं नाही. कुंती, दुर्योधन, पत्नी वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण, प्रत्येकजण आपापला कर्ण सांगतो. भाषा कुठेकुठे अलंकारांनी जड होते. तरी ही रचना मला त्या आवृत्तीच्या फार जवळची वाटते: एका कथेचे अनेक पाठ, आणि त्यातला एकही पुसलेला नाही.

१९६७ सालीच इरावती कर्वे यांचं महाभारतातल्या व्यक्तींवरचं पुस्तक 'युगान्त' आलं. त्यांनी चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला, आणि त्यांचा कर्ण सावंतांच्या कर्णासारखा तेजाने झळकत नाही. तो चुकतो, चिडतो, आपल्या जागेसाठी झगडत राहतो. आजऱ्यातल्या मुलांनी कर्ण बहुधा सावंतांकडूनच ऐकलेला असतो. त्यांच्या हाती इरावतीबाईंचंही पुस्तक द्यावं, आणि थोडी मोठी झाली की सुकथनकरांची पानं, तळटीपांसकट.