योगक्षेम आणि दाराजवळची पिशवी

॥ राम कृष्ण हरी ॥

आजच्या चिंतनासाठी गीतेच्या ९ व्या अध्यायातला २२ वा श्लोक घेतला आहे. अनन्य होऊन जो भगवंताला भजतो, त्याचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो, असा त्याचा आशय. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळलं जाणं.

गंमत बघा. आयुर्विमा महामंडळाने आपलं बोधवाक्य याच श्लोकातून घेतलं आहे. म्हणजे एकजण म्हणतो, "देव बघून घेईल, तयारी कशाला?" आणि दुसरा याच श्लोकाच्या आधाराने विमा काढायला सांगतो! मग संकटाची तयारी करून ठेवणं हा अविश्वास का?

आम्हा सांगलीकरांना हा प्रश्न दर पावसाळ्यात पडतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गल्लीत जो तो म्हणत होता, "तेव्हा पायरीला लागलं होतं, त्याच्या वर काय येतंय!" त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं.

आमची मात्र तयारी होती. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, सासूबाईंच्या गोळ्या, टॉर्च, सुका खाऊ, सगळं एका पिशवीत. मेन स्विच बंद केला, गॅसचा रेग्युलेटर काढला, देवाला नमस्कार केला आणि गुडघाभर पाणी व्हायच्या आत नणंदेकडे विश्रामबागला पोचलो. मनात म्हटलं, देवानेच बुद्धी दिली.

शेजारच्या आजी एकट्या राहतात. त्यांचं दार बंद दिसलं. पुतण्या घेऊन गेला असेल, असं मी धरून चालले. आजी आतच होत्या. दोन दिवसांनी त्यांना बोटीतून काढलं. साखरेच्या गोळ्या संपल्या होत्या, प्यायला पाणी नव्हतं. पूर ओसरल्यावर भेटल्या तेव्हा मी खाली मान घालून उभी. त्या म्हणाल्या, "बरं केलंस गं, वेळेवर निघालात. मला आपलं वाटलं, जाताना हाक माराल."

एवढंच. तक्रार नाही, राग नाही. पण ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

या श्लोकावर शंकराचार्यांनी भाष्यात एक शंका घेतली आहे. देव तर सगळ्याच भक्तांचा योगक्षेम वाहतो, मग अनन्य भक्ताचं वेगळं काय? उत्तर असं, की इतर भक्त स्वतःसाठी योगक्षेमाची धडपडही करतात. अनन्य भक्त ती स्वतःसाठी करत नाही. आचार्य फार वरच्या अवस्थेबद्दल बोलतात, आपण संसारी माणसं. पण 'स्वतःसाठी' या शब्दापाशी मी अडले. ३ ऱ्या अध्यायातल्या १३ व्या श्लोकातही हीच खूण आहे. तिथे दोष स्वयंपाकाला दिलेला नाही, फक्त स्वतःपुरता शिजवण्याला दिला आहे.

मला वाटतं, उत्तर इथे आहे. तयारी करणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याने योगक्षेमाचं वचन दिलं, त्यानेच अर्जुनाला हातपाय गाळून बसू दिलं नाही. माझी चूक पिशवी भरण्यात नव्हती. ती फक्त माझ्या घरापुरती भरली, ही चूक होती. देव आजींचा योगक्षेम वाहणार होता, तो कदाचित माझ्या हातांनी. आणि माझे हात पिशवी धरण्यात गुंतले होते.

आता आम्ही मृगाच्या आधी पापड-कुरडयांच्या बेगमीबरोबर हीही बेगमी करतो. आठवड्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, आधार-रेशनकार्डाच्या प्रती, चार्ज केलेली पॉवर बँक, माणशी रोजचं तीन-चार लिटर या हिशेबाने पाणी. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर दाराच्या आत चिकटवलेत. जुन्या गोळ्या काढून नव्या ठेवते. पिशवीत आजींच्या गोळ्यांची एक पट्टी असते, आणि यादीत सगळ्यात वर लिहिलंय : 'आजींना हाक मारणे. दार बंद असलं तरी वाजवणे.'

तुमच्या यादीत शेजारचं कुणाचं नाव आहे? आज एवढंच बघा. नसेल तर संध्याकाळी दिवा लावल्यावर जाऊन विचारून या.

देवा, आमचं घर सांभाळ, आणि शेजारचं दार वाजवायची आठवण दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥