कचराकुंडी कोणाच्या दारात?



काही दिवसांपूर्वी भंडारा शहरातील एका अपार्टमेंटमध्ये आम्ही घराच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. खाली पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग चालू होती. विषय एकच, कचराकुंडी कुठे ठेवायची? ‘ए’ विंगवाले म्हणत होते, आमच्या खिडकीखाली नको. ‘बी’ विंगवाले म्हणत होते, गेटजवळ नको, पाहुण्यांना आधी तीच दिसते. रस्त्यावर ठेवली तर कुत्री आणि गुरे कचरा पसरवतात. आम्हालाही खुर्ची देण्यात आली. तासभर भांडण झाले आणि शेवटी सर्वांच्या मते एक जागा ठरली. वॉचमनच्या खोलीशेजारी. कोणाचाही विरोध नव्हता. चहा आला, सर्व खूश झाले.

निघताना वॉचमनच्या खोलीच्या दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती आणि शेजारी लहान मूल खेळत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही शिकलो की प्रत्येकाला त्याचे जे आहे ते देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. तेव्हा न्याय म्हणजे सुखाची वाटणी असे आम्हाला वाटायचे. पण वाटणी त्रासाचीही करावी लागते, आणि ती जास्त अवघड असते. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक युक्ती सुचवली. समाजातील आपली जागा कोणती हे ठाऊक नाही असे समजून नियम ठरवा. त्या मीटिंगमध्ये आपल्या वाट्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट येईल की वॉचमनची खोली, हे कोणालाच ठाऊक नसते, तर कुंडी तिथे गेली असती का?

हे फक्त एका इमारतीचे नाही. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जात राहिला. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. पण तो ज्यांच्या घरात शिरला ती बहुतेक गरिबांची वस्ती होती. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. विहिरींचे पाणी बिघडले, गावकऱ्यांनी अनेकदा रस्ता अडवला. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यावर त्यांनी सुमारे तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत. तेव्हा पुणेकरांना आपला कचरा आपल्याच चौकात दिसू लागला. आपल्या जवळचे उदाहरण नागपूरच्या पूर्व टोकाला असलेल्या भांडेवाडीचे. पूर्वी गावातली काही माणसे गावकुसाबाहेर राहत असत, आणि गावाची घाण उचलण्याचे कामही त्यांच्यातल्याच काहींच्या वाट्याला येई. कुंडीची जागा ठरवताना ती जुनी सवय आपल्या हातून पुन्हा पुन्हा काम करून घेते, असे आम्हाला वाटते.

यावर कोणी म्हणेल, “फादर, कुंडी कुठे तरी ठेवावीच लागणार. कोणी तरी तिच्या जवळ असणारच.” हे खरे आहे. “आणि वॉचमनला विचारले असते तर तो ‘चालेल साहेब’ म्हणाला असता.” हेही खरे आहे. अडचण नेमकी तिथेच आहे. ज्याची नोकरी आपल्या हातात आहे त्याचा होकार हा मोकळा होकार नसतो. म्हणून दुबळ्या माणसाला नुसते विचारून आपली सुटका होत नाही. त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा कोणी तरी त्या खुर्च्यांवर बसलेला असावा लागतो. त्या दिवशी ते काम आमचे होते.

दुसरा उपाय त्रासच कमी करण्याचा. आपल्या धानाच्या गावांत घराघराचा उकिरडा असे. शेण, राख, भाजीची देठे त्यात पडत आणि वर्षभराने ते खत बांधीत जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात असे आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी ते दरवर्षी फिटत. आपली घाण आपल्याच आवारात राहत असल्याने तिची काळजीही आपणच घेत असू. प्लास्टिक आले आणि हा हिशेब मोडला. श्रीमती अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यानंतर २००० साली देशाला घनकचऱ्याचे नियम मिळाले. २०१६ च्या नियमांनी तर पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींना ओला-सुका कचरा वेगळा करायला आणि शक्य तिथे ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. दुर्गंधी मुख्यतः ओल्या कचऱ्याची असते. त्याचे खत झाले तर उरलेल्या सुक्या कचऱ्याच्या डब्यासाठी एवढे भांडण कशाला होईल? म्हणजे कुंडी कुठे ठेवायची याआधी, तिच्यात आपण काय टाकतो हा प्रश्न येतो.

दुसऱ्यांना सांगण्यापूर्वी आमचा कबुलीजबाब. मागच्या नाताळच्या जेवणानंतर उष्ट्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास चर्चच्या मागच्या भिंतीपलीकडे टाकले गेले. आम्ही ते पाहिले आणि सकाळी कोणी तरी उचलेल म्हणून झोपी गेलो. त्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहते. तीन दिवसांनी त्या घरातल्या आजीने स्वतः ते गोळा केले. त्या आम्हाला काही बोलल्या नाहीत. येशूला शहराच्या वेशीबाहेर मरण आले असे आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो, आणि आपली वेस कुठे संपते हे पाहायला भिंतीपलीकडे डोकावत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात, पुढच्या बाजूला, आमच्या खोलीच्या खिडकीसमोर खताचा खड्डा खणायचा आहे. ज्यांना जमेल त्यांनी फावडे घेऊन यावे. आणि आपापल्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला जाण्यापूर्वी, जो त्या मीटिंगला नसतो त्याच्या दारात एकदा उभे राहून यावे.